जयंतीचा हार वाळायच्या आत गल्लीत अभ्यासिका कशी काढायची

२६ जूनला सकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात गेलात तर पाय ठेवायला जागा नसते. शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार, शाळेच्या पोरांच्या रॅल्या, कुणाचं तरी भाषण, आणि बारा वाजले की सगळे मिसळ खायला पांगतात. मी पण पांगायचो, खोटं कशाला बोलू. काही वर्षांमागं असंच मिसळ खाताना आमच्यातला एक जण म्हणाला, आपण दरवर्षी महाराजांनी काय केलं ते सांगतो, आपण काय करतो रे? जरा वेळ कुणी बोललं नाही, मग एकानं अजून कट मागितला आणि विषय गेला. पण डोक्यात राहिलं ते राहिलं, आणि त्याच दिवाळीनंतर तालमीच्या वरच्या खोलीत आम्ही पोरांची संध्याकाळची अभ्यासिका चालू केली. सामाजिक न्याय, श्रद्धा, शिक्षण असले मोठे शब्द तेव्हा कुणाच्या तोंडात नव्हते, खोली मोकळी होती आणि पोरं रस्त्यावर होती एवढंच. आता आजूबाजूच्या मंडळांची पोरं विचारतात की भावा आम्हाला पण काढायची आहे, काय काय लागतं, म्हणून हे एकदाच लिहून टाकतो.

लागतं तसं थोडंच. एक खोली, चटया, दोन ट्यूबलाइट, एक फळा, पाण्याचा माठ, रोज येणारी तीन-चार माणसं. आणि लोकांच्या दारात जायची तयारी. या शेवटच्या गोष्टीवरच आम्ही पहिल्यांदा आपटलो.

आम्ही काय केलं, तर फ्लेक्स लावला. 'सर्वांना मोफत प्रवेश', वर महाराजांचा फोटो, खाली आमचे (होय, आमचे पण) फोटो. पहिल्या आठवड्यात चौदा पोरं आली आणि चौदाच्या चौदा अशी की ज्यांच्या घरी आधीच अभ्यासाचं टेबल होतं, काहींना तर ट्यूशनपण होती. ज्यांच्यासाठी काढली होती त्यातलं एकसुद्धा नाही. मी चिडलो, म्हणालो यांनाच शिकायचं नाही तर आपण काय करणार. तेव्हा तालमीतले एक रिटायर्ड मास्तर आहेत, त्यांनी मला शांतपणे सांगितलं की अरे हे महाराजांच्या बाबतीत पण झालंय. १८९६ च्या सुमारास त्यांनी राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, सगळ्या जातींना खुलं, कुणाला बंदी नाही. आणि तिथं राहायला आली ती बहुतेक ब्राह्मण घरातलीच मुलं, कारण तोवर तिथपर्यंत शिकून पोचलेली तीच होती. बाकीच्यांना दार उघडं आहे हे कळलंच नाही, कळलं तरी आत पाऊल टाकायचं धाडस नाही. मग महाराजांनी रस्ता बदलला, ज्या त्या समाजातल्या माणसांना पुढं केलं, जागा दिली, पैसा दिला. १९०१ ला मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि अशी बरीच. आजही दसरा चौकात उभं राहून मान फिरवली की एक-दोन बोर्डिंगं दिसतातच.

आता यावर काही जण म्हणतात की जातवार बोर्डिंगं काढून जाती पक्क्या केल्या. मला ते पटत नाही, कारण ज्याला आत यायचीच भीती वाटते त्याला आधी आपलं वाटेल असं दार लागतं, एकत्र बसणं त्याच्या पुढची पायरी. आणि ती पायरी पण त्यांनी घेतली, १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरांना सगळ्यांबरोबर बसवायचा हुकूम काढला. असो, हा वाद चहा घेऊन करायचा आहे, इथं नाही.

तर मुद्दा हा, दार उघडं ठेवून भागत नाही, आणायला जावं लागतं.

आणायला जायचं म्हणजे कसं ते नीट सांगतो. संध्याकाळी पाच ते सात जाऊ नका, बायका कामावरून येऊन चुलीला लागलेल्या असतात, साडेआठ-नऊला जा. एकटा पुरुष जाऊ नका, बरोबर कुणीतरी ताई-वहिनी पाहिजेच. आणि तोंडातनं 'गरीब' शब्द काढायचा नाही, 'तुमच्यासारख्यांसाठी' तर अजिबात नाही. आम्ही एकच प्रश्न विचारायचो, मावशी, संध्याकाळी पोरगं अभ्यासाला कुठं बसतं? बस. मग त्या आपणच सांगायला लागतात की खोली एक, टीव्ही तिथंच, धाकटं रडतंय, ह्यांचं येणं कधी त्याचा नेम नाही. पहिल्या वेळी सगळे 'पाठवतो की' म्हणतात आणि कुणी पाठवत नाही, हे धरूनच चाला. दुसऱ्यांदा जा. तिसऱ्यांदा जा. १९१७ ला महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता, आणि त्या काळी रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. आपल्याला दंड करता येत नाही. आपल्याकडं फक्त परत परत जाणं आहे.

एका घरी मी पाच वेळा गेलो. पाचव्या वेळी ती बाई दारातच म्हणाली, दादा आता चहा घेऊनच जावा, पोरगी उद्यापासनं येती.

जागेचं बोलू. देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, तालीम, महापालिकेच्या शाळेचा वर्ग, काहीही चालतं, फक्त एक तपासा, गल्लीतल्या कुठल्याही घरातली बाई तिथं न बिचकता पाय ठेवेल का. आमची तालीम या परीक्षेत पहिल्या दिवशी नापास झाली. कोल्हापूरची तालीम म्हणजे खाली लाल माती, पायरीवर उघडे बसलेले पैलवान, आणि जिन्यात आडव्या दोरीवर वाळत घातलेले लंगोट. नववीतली मुलगी त्या दोरीखालनं वाकून वर कशी जाईल? आम्हाला लहानपणापासनं ते दिसतच नव्हतं, वहिनींनी दाखवलं तेव्हा दिसलं. दोरी मागच्या बाजूला हलवली, सहा ते साडेआठ जिना मोकळा ठेवायचं ठरलं, वस्ताद आधी कुरकुरले आणि नंतर तेच पायरीवरच्यांना हाकलायला लागले. संडास आहे का, त्याला आतनं कडी आहे का, हे पण आधी बघा. कडी साठ रुपयांची असते, पण ती नाही म्हणून पोरी यायच्या बंद होतात आणि कारण कुणी सांगत नाही.

पोरींसाठी अजून दोन गोष्टी. धाकट्या भावंडाला बरोबर आणायची परवानगी द्या, नाहीतर 'त्याला कोण बघणार' म्हणून ती घरीच बसणार. आणि सुटल्यावर गल्लीवार घोळक्यानं घरी जायचं, शेवटच्या पोरीला दारात सोडायची जबाबदारी एका मोठ्या माणसाची, रोज, पाऊस असला तरी. लोक काय म्हणतील याची काळजी असते घरच्यांना, ती खोटी नाही. महाराजांचं उदाहरण आम्ही इथं हमखास सांगतो. १९१८ ला त्यांचा धाकटा मुलगा प्रिन्स शिवाजी गेला, मागं राहिलेल्या कोवळ्या वयाच्या सुनेला, इंदुमतीदेवींना त्यांनी शिकवायला घेतलं, तेही घरच्यांचा विरोध असताना. राजवाड्यात पण 'लोक काय म्हणतील' होतंच की.

आता श्रद्धेचा विषय, जो सगळे टाळतात आणि मग भांडणं होतात.

तालमीत मारुती असतोच, आमच्यात पण आहे. काही जण म्हणाले अभ्यासिका म्हणजे सर्वांची, तर फोटोबिटो काढून टाका. मी विरोध केला. अहो ही तालीमच मारुतीवर उभी आहे, गणपतीत हीच पोरं रात्र रात्र जागतात, हीच ताकद आपल्याला पोरांच्या अभ्यासाला लावायची आहे आणि सुरुवातच देव काढून करायची? आणि कोल्हापुरात तर कितीतरी तालमींत मोहरमला पंजे बसतात, तिकडं कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो, आपल्याला हे कुणी बाहेरनं येऊन शिकवायची गरज नाही. मारुती राहिला. फक्त कुठल्याही पोराला 'नमस्कार कर' म्हणायचं नाही, ज्याला करायचा तो करतो.

खरी मारामारी प्रार्थनेवरनं झाली. सुरुवातीला कुठली म्हणायची यावर तीन संध्याकाळी गेल्या, एकाला ही पाहिजे, दुसऱ्याला ती, तिसरा म्हणाला प्रार्थनाच नको राष्ट्रगीत घ्या. शेवटी एका वहिनींनी तोडगा काढला की पहिली दहा मिनिटं रोज एका पोरानं मोठ्यानं वाचायचं, धडा, गोष्ट, पेपर, काहीही, आणि बाकीच्यांनी गप्प ऐकायचं. तेच आता चालू आहे. आणि सणाच्या आदल्या दिवशी ज्याच्या घरी सण त्यानं सांगायचं की काय असतं, का असतं, खायला काय करतात. रमजान ईदला एका पोरानं शिरखुर्म्याचं एवढं वर्णन केलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला पातेलंभर पाठवावं लागलं. महाराजांनी कुराण मराठीत यावं म्हणून स्वतः पैसे दिले होते, शेजाऱ्याचं काय आहे ते आपल्या भाषेत कळू दे, एवढी साधी गोष्ट आहे ती.

२०२३ च्या जूनमध्ये मोबाईलच्या स्टेटसवरनं शहरात राडा झाला, दगडफेक, नेट बंद, आठवत असेल. तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही बंद ठेवली. मग रोज संध्याकाळी दोघं-दोघं जाऊन मुस्लिम घरातल्या पोरांना स्वतः घेऊन यायचो आणि सोडायचो, वस्ताद स्वतः एका टोळीबरोबर चालायचे. त्यावर कुणी भाषण केलं नाही. तुमच्याकडं असली वेळ येऊ नये, पण आली तर कोण कुणाच्या दारात जाणार ते आधी ठरलेलं असू दे, त्या दिवशी ठरवायला बसलात तर उशीर झालेला असतो.

जातीचं पण तसंच, मोठ्या गोष्टीत दिसत नाही, बारक्यात दिसते. आमच्याकडं माठ एकच, पण दोन पोरं घरनं बाटली आणायची आणि माठाला हात लावायची नाहीत. विचारलं तर 'सर्दी आहे'. महिनाभर सर्दी? गंगाराम कांबळेंची गोष्ट कोल्हापुरात बहुतेकांना माहीत असते, राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते, पाण्याला शिवले म्हणून मार खाल्ला, महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिली आणि यांना हॉटेल काढायला मदत केली, आणि मग स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायचे, बरोबरच्यांना पण घ्यायला लावायचे. बघा, नुसता हुकूम काढून थांबले नाहीत, चहा प्याले, सगळ्यांसमोर. आम्ही बाटलीवर बंदी घातली नाही, एवढंच केलं की माठ भरायची पाळी लावली, रोज दोन पोरं, आणि शिकवणाऱ्यांनी आल्या आल्या त्याच माठातलं पाणी प्यायचं. बाटल्या दिवाळीपर्यंत आपोआप गेल्या. हजेरीत आडनाव लिहीत नाही, एकाच नावाची दोन पोरं असली तर गल्लीचं नाव जोडतो. बसायच्या जागा सोमवारी बदलतात, नाहीतर चपलांजवळची चटई कायम त्याच पोरांच्या वाट्याला येते, हे तुम्ही आठवडाभर नुसतं बघा, दिसेल.

शिकवायचं काय? इथं सगळे शाळेचा होमवर्क करून घ्यायच्या मागं लागतात, तो खड्डा आहे. पहिला आठवडा प्रत्येक पोराला एकेकटं बाजूला घेऊन वाचायला द्या, अक्षर, मग शब्द, मग साधं वाक्य, मग परिच्छेद, मग छोटी गोष्ट, आणि ते कुठं अडकतं तेवढं वहीत टिपा. आमच्याकडं सहावीतला एक होता, वही सुंदर, अक्षर मोत्यासारखं, फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायचा, आणि 'पाऊस पडला म्हणून आजी छत्री घेऊन आली' हे वाचायला सांगितलं तर 'पाऊस' म्हणून थांबला आणि माझ्याकडं बघून हसला. सहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण वही पूर्ण होती. त्याला तिसरी-चौथीच्या पोरांबरोबर वाचायला बसवला, पण लाज वाटू नये म्हणून काम दिलं की तू यांची हजेरी घ्यायची. म्हणजे गट इयत्तेनुसार पाडू नका, कुठवर वाचतंय त्यानुसार पाडा, गणिताचं पण तेच, हातचा येत नसेल तर भागाकार शिकवून उपयोग नाही. शिकवणारे पगारी मास्तर नकोत, अकरावी-बारावीची, कॉलेजची पोरं-पोरी घ्या, प्रत्येकी आठवड्याला दोनच दिवस मागा. पाच दिवस मागितले तर महिन्यात पळतात.

यापुढचं काम कंटाळवाणं आहे पण माझ्या मते अभ्यासिकेतलं सगळ्यात किमती तेच, दाखले. कितीतरी हुशार पोरांची फी माफी, स्कॉलरशिप, हॉस्टेल फक्त कागद नाही म्हणून जातं. आम्ही महिन्यातला एक रविवार दाखल्यांना ठेवलाय. दहावीचा निकाल लागल्यावर सेतू कार्यालयात (दाखले मिळतात ते) रांग लावायची नाही, नववीच्या दिवाळीतच जातीच्या दाखल्याची फाईल काढायची. त्यात अडतं ते जुन्या पुराव्यावर, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा राहण्याचा आणि जातीचा पुरावा विचारतात. आता भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस ५० सालचा कागद कुठनं आणणार? तर आजोबा, चुलत आजोबा, पणजोबा यातला कुणी मराठी शाळेत एक दिवस जरी गेला असेल तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव आणि जात असते, त्याचा उतारा मागायचा, त्यासाठी गावाकडं एक चक्कर मारावी लागते. आणि मला इथं दरवेळी गंमत वाटते, शंभर वर्षांपूर्वी सक्तीनं कुणाला तरी शाळेत बसवलं असेल तर त्याच नोंदीवर आज पणतूचा दाखला निघतो.

मग महाडीबीटीवरचे, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवरचे फॉर्म. आठ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघा, अनुसूचित जातीच्या पोराला सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-खाण्याला पैसे देणारी स्वाधार योजना बघा, आणि मुलींना तर २०२४-२५ पासनं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची फी माफ आहे, तरी अजून कित्येक बापांना माहीत नाही आणि ते पोरीला 'परवडत नाही' म्हणून साध्या कोर्सला घालतात. बारक्यांसाठी आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागा, खाजगी शाळेत सुरुवातीच्या वर्गाला, ऑनलाइन फॉर्म आणि सोडत. फॉर्म भरताना ओटीपी आईच्या मोबाईलवर घ्या, बापाचा नंबर दर दोन महिन्यांनी बदलतो. हे मी चेष्टेनं म्हणत नाही, आमच्या तीन पोरांची स्कॉलरशिप त्यात अडकली होती.

हंगामात जरा गावाबाहेर पण बघा. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडनं वगैरे, फडाजवळ कोप्या (झोपड्या) पडतात, आणि पोरं मार्चपर्यंत उसाचं वाढं बांधत नाहीतर धाकट्याला सांभाळत फिरतात. आम्ही त्यातल्या दोन बहिणींना घेऊन जवळच्याच एका शाळेत गेलो तर दाखला नाही म्हणून परत पाठवलं. तेव्हा आम्ही पण मान हलवून परत आलो, कारण आम्हालाच माहीत नव्हतं. शिक्षण हक्क कायदा सरळ सांगतो की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला हे पण कारण चालत नाही, आणि पोराला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं. पुढच्या वेळी कायद्याची ती पानं झेरॉक्स करून नेली, आवाज न चढवता टेबलावर ठेवली, काम झालं. गावाकडच्या शाळेतनं शिक्षण हमी कार्ड (कामासाठी गाव सोडणाऱ्यांच्या पोरांना देतात ते) आणलंय का ते पण टोळीत विचारा, असलं तर अजून सोपं.

पैशाचं थोडक्यात. वर्षाचा खर्च गणपतीतल्या डॉल्बीच्या एका रात्रीपेक्षा कमी येतो, हे आमच्या मंडळात मी बोललो तेव्हा दोन दिवस माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, तिसऱ्या दिवशी खजिनदारानं गुपचूप चटया घेऊन दिल्या. पावतीशिवाय रुपया घेऊ नका, जमाखर्च भिंतीवर चिकटवा. मोठ्या रकमा यायला लागल्या तरच संस्था नोंदवा, सात माणसं लागतात आणि मग धर्मादाय आयुक्तांकडं दरवर्षी हिशोब, ते झेपणार असेल तरच. देणगीदाराला पोरांना ओळीत उभं करून वह्या वाटताना फोटो पाहिजे असतो, तिथं गोड बोलून नाही म्हणा. वह्या आम्ही कपाटात ठेवतो, ज्याची संपेल तो जुनी दाखवून नवी घेतो. आणि एक नियम न मोडता पाळा, खोलीत मुलांबरोबर मोठं माणूस एकटं कधी नसावं, कायम दोन, मग तो कितीही भला असू दे.

पुराचं विसरू नका. २०१९ ला पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा आमच्या शेजारच्या गल्लीतल्या कितीतरी घरांतले दाखले, मार्कशीटा लगदा होऊन गेल्या. तेव्हापासनं प्रत्येक पोराच्या कागदांची एक झेरॉक्स प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तालमीच्या माळ्यावर असते.

राहिली किल्ली. पहिली दोन वर्षं ती माझ्या खिशात असायची आणि मी कामात अडकलो की पोरं जिन्यात बसलेली, हा मूर्खपणा तुम्ही करू नका. आता एक वस्तादांकडं आणि एक त्या पाचव्या फेरीला आलेल्या पोरीच्या आईकडं आहे, ती समोरच राहते. परवा मला जायला पंधरा मिनिटं उशीर झाला, तर वर दिवे लागलेले, माठ भरलेला, आणि मावशी दारात चटई झटकत मला म्हणाल्या, दादा, सहाचं टाइम हाय न्हवं आपलं?